ताणलेल्या रबराचा शत्रू

अमेरिकेतले हौशी लोक आपला पिकअप ट्रक सजवून घेताना त्याच्या पोलादी स्प्रिंगा काढतात आणि त्या जागी हवा भरलेले रबरी फुगे बसवतात. हवा सोडली की गाडी जमिनीलगत बसते, भरली की उठते. फुग्याचे रबर जाड असते, आत धाग्यांचे थर असतात. तरीही काही वर्षांनी त्यावर बारीक भेगा दिसू लागतात. मालक उन्हाला दोष देतो, पावसाला देतो. उन्हाचा त्रास होतो हे खरे, पण रबरात मिसळलेली काजळी जंबुपार किरण शोषून घेते आणि पुष्कळसे नुकसान टाळते. मुख्य गुन्हेगार हवेतच असतो आणि तो दिसत नाही. तो म्हणजे ओझोन.

ओझोनने रबर तडकते हे रसायनज्ञांना दुसऱ्या महायुद्धाआधीच ठाऊक होते. मात्र शहराच्या हवेत तो किती असतो, हा प्रश्न लॉस एंजेलिसने ऐरणीवर आणला. जुलै १९४३ मध्ये तेथे असे धुरके पसरले की शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशी शंका लोकांना आली. जवळच्याच पासाडेना येथे आरी हागेन-स्मिट हे मूळचे डच जीवरसायनज्ञ अननसाच्या वासाचा अभ्यास करीत होते. तो बाजूला ठेवून ते धुरक्याकडे वळले. मोटारींचा धूर आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या वाफा यांवर सूर्यप्रकाश पडला की ओझोन तयार होतो, हे त्यांनी दाखवून दिले. ओझोन मोजण्याचे त्यांचे एक साधन फारच साधे होते. रबराच्या पट्ट्या वाकवून हवेत ठेवायच्या आणि पहिली भेग दिसायला किती मिनिटे लागतात ते पाहायचे! ही पद्धत त्यांनी ब्रॅडली यांच्याबरोबर १९५१ मध्ये प्रसिद्ध केली.

पट्टी वाकवायची कशासाठी? नैसर्गिक रबराच्या लांबलचक रेणूत कार्बनचे दुहेरी बंध असतात आणि ओझोन नेमका तेथे घाव घालतो. रबर सैल असेल तर पृष्ठभागावर पातळ साय धरते आणि आतला भाग वाचतो. ताणलेले असेल तर तुटलेले रेणू एकमेकांपासून ओढले जातात, खालचे ताजे रबर उघडे पडते आणि भेग खोल जाते, तीही ताणाच्या दिशेला काटकोनात. आम्ही हे साध्या रबर बँडवर पाहिले आहे. एक बँड दोन खिळ्यांमध्ये ताणून आणि दुसरा सैल, असे दोन्ही सावलीत, वाहत्या हवेत टांगून ठेवावेत. काही आठवड्यांनी भिंगातून पाहिल्यास फरक दिसतो.

फुग्यांवरच्या बसगाड्या अमेरिकेत याच सुमारास रस्त्यावर आल्या. ग्रेहाउंड कंपनीची सीनिक्रूझर १९५४ ची. फुग्याचे रबर तर सदैव ताणलेले आणि हलते. रबरात मेण मिसळले की ते हळूहळू पृष्ठभागावर येऊन थर धरते, पण हलत्या भागावर तो थर टिकत नाही. दुसरा उपाय निओप्रीनचा. ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत १९३० मध्ये सापडलेल्या या कृत्रिम रबरातील क्लोरीनमुळे दुहेरी बंध ओझोनला सहजी दाद देत नाहीत. तिसरा उपाय म्हणजे रबराआधी स्वतःच ओझोनशी संयोग पावणारी रसायने. हौशी मालक फुग्यावर चकाकीचे खनिज तेल चोपडतात तेव्हा रबर फुगते आणि संरक्षक मेणही धुऊन जाते. साबणाचे पाणी पुरते.

या रसायनांपैकी ६-पीपीडी जगभर टायरमध्ये वापरले जाते. सिएटलच्या परिसरात पाऊस पडला की ओढ्यांत अंडी घालायला आलेले कोहो सामन मासे मरत. त्याचे कारण २०२० मध्ये उमगले. झिजलेल्या टायरच्या कणांतले ६-पीपीडी ओझोनला अडवताना ज्या क्विनोनमध्ये बदलते, तेच पावसाबरोबर वाहत जाऊन माशांना मारत होते.