सायकलीवरची पंचेचाळिशी

मागच्या महिन्यात गटागटांत एक वाक्य आमच्या कानावर सारखं पडत होतं, "आता या वयात काय शिकायचं व माय?" हे म्हणणारी बाई साठीची नव्हे, अडतीस-चाळीस वर्षांची. म्हणून आज चाळिशीनंतर सायकलीवर बसलेल्या एका बाईची गोष्ट सांगतो. तिच्यासोबत दूरच्या फ्रान्समधल्या एकीचीही.

पुण्याच्या प्रीती मस्के. दोन मुलांची आई. आजारपण आलं, मन खचलं, आणि त्यातून बाहेर पडायला चाळिशीच्या आसपास त्यांनी सायकल धरली. शाळेपासून खेळाडू, घरी प्रशिक्षक, असं काही नव्हतं. पाच वर्षांनी, 22 जून 2022 रोजी सकाळी सहाला त्या लेहहून निघाल्या आणि 24 जूनला दुपारी एक वाजून तेरा मिनिटांनी मनालीत पोचल्या. 430 किलोमीटर, 55 तास 13 मिनिटं. तेव्हा त्यांचं वय होतं 45.

430 किलोमीटर म्हणजे जळगावहून मुंबई गाठावी इतकं. पण आपल्याकडे फार तर लळिंगचा नाहीतर कन्नडचा घाट. तिथे वाटेत तांगलांग ला नावाची खिंड आहे, 5,328 मीटर उंच. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. तीन कळसूबाई एकावर एक रचल्या तरी ती खिंड वरच राहते. एवढ्या उंचीवर हवा विरळ, चार पावलं चाललं तरी धाप लागते. प्रीतीताईंना दोनदा ऑक्सिजन घ्यावा लागला. घेतला, आणि पुन्हा पायडल मारलं.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्यांनी एकटीने सायकल चालवली असं आपण म्हणतो, ते खरंच आहे. पण मागे सीमा सडक संघटनेच्या गाड्या होत्या, सॅटेलाइट फोन होता, औषधपाण्याची माणसं होती. यात कमीपणा कसला? आपल्याकडे बाईने मदत घेतली की "त्यात तिचं काय?" म्हणतात. पुरुषाने घेतली तर त्याला तयारी म्हणतात.

त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी गुजरातच्या टोकाला, कच्छमधल्या कोटेश्वरहून सुरुवात केली आणि अरुणाचलातलं किबिथू गाठलं. जवळजवळ 4,000 किलोमीटर, तेही चौदा दिवसांच्या आत.

आता फ्रान्स. सायकल शर्यतीचं ते माहेरच म्हणा. पुरुषांची टूर द फ्रान्स 1903 पासून चालते. बायकांसाठी 1955 साली एकदा शर्यत झाली आणि थांबली. 1984 मध्ये पुन्हा सुरू झाली. ऑलिम्पिकमध्येही पुरुषांची सायकल पहिल्यापासून, म्हणजे 1896 पासून. बायकांना सायकलीवर यायला 1984 उजाडलं. मधली 88 वर्षं बायकांचे पाय काय दुखत होते?

त्या 1984 च्या शर्यतीत जानी लोंगो नावाची पंचविशीतली मुलगी होती. डोंगराळ भागातली, आधी बर्फावर घसरण्याचा खेळ खेळणारी. पदक हुकलं, सहावी आली. पुढे 1987, 88 आणि 89 अशी लागोपाठ तीन वर्षं तिने बायकांची टूर जिंकली. आणि 1989 नंतर त्या रूपातली ती शर्यतच बंद पडली! जिंकणारी तयार, पण शर्यत नाही. पुरुषांच्या टूरच्या नावाने, तिच्याच आयोजकांनी भरवलेली बायकांची अनेक दिवसांची शर्यत पुन्हा सुरू झाली ती थेट जुलै 2022 मध्ये. म्हणजे प्रीतीताई मनालीला पोचल्या त्यानंतर महिन्याभरानेच.

लोंगो थांबली नाही. ऑलिम्पिकचं सोनं मिळालं 1996 साली, सदतिसाव्या वर्षी. 2008 ला बीजिंगमध्ये ती 49 वर्षांची होती, सातवं ऑलिम्पिक. वेळेच्या शर्यतीत चौथी आली, कांस्यपदक दोनेक सेकंदांनी गेलं. बरोबरच्या काही मुली तिच्या लेकी शोभाव्यात अशा. 2011 मध्ये, बावन्नाव्या वर्षी, ती पुन्हा फ्रान्सची विजेती झाली. तिची देशातली विजेतेपदं 59, जगज्जेतेपदं 13. सगळं गोडच सांगायचं नाही म्हणून हेही सांगतो: 1987 ला उत्तेजक सापडल्याने तिच्यावर महिनाभराची बंदी आली होती, आणि पुढे तिच्या नवऱ्याला बंदी असलेलं औषध मागवल्याबद्दल कोर्टाने शिक्षा दिली. खेळात मोठं नाव झालं म्हणून माणूस देव होत नाही. वयाबद्दलचा तिचा हिशोब मात्र आम्हाला पटतो.

शर्यत सोडा, साधी सायकल घेऊ. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1991 च्या सुमारास साक्षरतेच्या चळवळीत बायांना सायकल शिकवली. जिल्हाधिकारीही एक बाईच होत्या, शीला राणी चुंकत. दुकानातल्या लेडीज सायकली संपल्या तशा बाया जेंट्स सायकलीवर बसल्या. वर मधल्या नळीवर पोर बसवता येतं म्हणून खूशही झाल्या. लाखभर बाया शिकल्या. पाणी आणणं, बाजाराला माल नेणं, बसची वाट न बघणं, सगळं त्यातून आलं.

आपल्याकडे मानव विकास मिशनमधून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. पण कितीतरी घरांत आम्ही काय पाहतो? सायकल मुलीच्या नावाची, आणि तिच्यावर दुधाच्या किटल्या नाहीतर भाऊ. मुलगी पायी. आई तर तिला हातही लावत नाही, "पडले तर लोक हसतील."

हसतील, आठ दिवस. नंतर तेच सांगतील, "वहिनी, बाजाराला चालल्या तर आमचं एवढं औषध आणा."

तर येत्या रविवारपासून सकाळी साडेसहाला बाजारपटांगणावर आम्ही शिकवायला सुरुवात करतोय. घरातली सायकल आणा. चेन, ब्रेक आदल्या दिवशी तपासून घ्या, सीट खाली करून घ्या म्हणजे दोन्ही पाय जमिनीला टेकतात. साडी असेल तर निऱ्या वर खोचून पिना लावा. नऊवारीवाल्यांना तर काहीच अडचण नाही. पहिले दोन दिवस पायडल मारायचंच नाही, पायाने ढकलत फक्त तोल सांभाळायचा. आणि मुलीच्या नावची सायकल असेल तर मुलीलाही घेऊन या, किटल्या एक दिवस भाऊ डोक्यावर नेईल.