मफलाला ते ॲमस्टरडॅम

युसेबिओविषयी लिहिणारे बहुधा लिस्बनपासून सुरुवात करतात. आम्हांस ती सुरुवात उशिराची वाटते. त्याचा जन्म १९४२चा, पोर्तुगीज मोझांबिकमधील लोरेन्सो मार्केश (आजचे मापुतो) येथील मफलाला या गरीब वस्तीतला. तेथील ज्या संघाकडून तो गोलांची रास घालीत होता, तो लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबाशी संलग्न. साहजिकच मुलगा आपलाच, असे स्पोर्टिंगने धरून चाललेले. डिसेंबर १९६०मध्ये त्याला लिस्बनला आणले ते मात्र प्रतिस्पर्धी बेनफिकाने, आणि हक्काचा तंटा चालू असता काही दिवस आल्गार्वमध्ये दडवले. गुप्त निरोपांत त्याचे नाव ‘रूथ’ होते म्हणे! अठरा वर्षांच्या मुलाविषयीचा हा सारा व्यवहार मालकीच्या भाषेत झाला, हे आम्हांस त्याच्या गोलसंख्येपेक्षा अधिक बोलके वाटते.

ऑक्टोबर १९६१मध्ये तो पोर्तुगालच्या राष्ट्रीय संघात आला. डिसेंबरात गोव्यातली पोर्तुगीज सत्ता संपली. वसाहती म्हणजे पोर्तुगालचेच प्रांत, असे घोकणाऱ्या सालाझार राजवटीला असा खेळाडू किती सोयीचा होता, हे सांगावयास नको.

मे १९६२मध्ये ॲमस्टरडॅमला युरोपियन चषकाचा अंतिम सामना झाला. पुश्काशने रेआल माद्रिदसाठी पूर्वार्धातच तीन गोल केले. युसेबिओच्या उत्तरार्धातील दोन गोलांनी बेनफिका ५-३ अशी जिंकली. पुढच्याच महिन्यात मोझांबिकच्या मुक्तीसाठी दार-एस-सलामला फ्रेलिमोची स्थापना झाली. सामना संपताच विशीतल्या युसेबिओला ओढ होती ती एकच: आपल्या आराध्याचा, दि स्तेफानोचा, सदरा मिळवण्याची. तो त्याला मिळाला.