पानफोर्ते

पानफोर्ते : बदाम, पाकवलेली फळे, मध, साखर, थोडे पीठ व मसाल्याचे पदार्थ एकत्र कालवून, थापून आणि मंद आचेवर भाजून तयार होणारा घट्ट, गोड इटालियन पदार्थ. टस्कनी प्रदेशातील सिएना हे त्याचे मूळ स्थान. आकार तबकडीसारखा, जाडी दोनअडीच सेंमी.; खाताना त्याच्या वड्या अथवा फाका कापतात. नावातील ‘पाने’ म्हणजे पाव आणि ‘फोर्ते’ म्हणजे जोरकस वा तिखट; परंतु पावाशी त्याचे साम्य नावापुरतेच उरले आहे.

या पदार्थाच्या पूर्वरूपाचा उल्लेख इ. स. १२०५ मधील एका दस्तऐवजात येतो. सिएनाजवळील मोंतेचेल्सो येथील ख्रिस्ती जोगिणींच्या मठाला त्याच्या कुळांनी जो खंड द्यावयाचा, त्यात मध व मिरी घातलेल्या पावांचा समावेश होता. हा तपशील वाटतो त्याहून बोलका आहे. गहू, मध, अंजीर व सफरचंद ही त्या भूमीची पिके होत. मिरी मात्र तेथे पिकत नाही. ती मलबारच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रमार्गे तांबड्या समुद्रात, तेथून ईजिप्तमध्ये आणि पुढे इटालियन व्यापाऱ्यांच्या जहाजांतून भूमध्य समुद्रापार येई. टस्कनीतील शेतकरी आपल्या जमिनीचा खंड अंशतः केरळच्या वेलीवरील दाण्यांच्या रूपाने भरत होता, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या काळी मिरी हा केवळ स्वयंपाकाचा जिन्नस नव्हता, ते एक चलनही होते. ११०१ मध्ये जेनोआच्या लोकांनी पॅलेस्टाइनमधील सीझरिया शहर लुटले, तेव्हा लुटीच्या वाटणीत प्रत्येकाच्या वाट्याला रोख रकमेबरोबर दोन पौंड मिरी आली. लंडनमध्ये मिरी विकणाऱ्यांचा स्वतंत्र संघ ११८० च्या सुमारास अस्तित्वात होता. मठाने मिरीचा पाव मागावा, यात जिभेच्या लाडापेक्षा मूल्याचा हिशेब अधिक होता.

मसाल्यामुळे अन्न टिकते व नासलेल्या अन्नाची दुर्गंधी झाकते म्हणून मध्ययुगीन यूरोपला मसाल्यांची ओढ होती, असे अनेक पाठ्यपुस्तके सांगत आली. पानफोर्तेचा इतिहास या समजुतीला आधार देत नाही. ज्याला मिरी परवडे त्याला ताजे मांसही परवडे. आणि हा पदार्थ महिनोन् महिने टिकतो तो मिरीमुळे नव्हे, तर पाण्याच्या अभावामुळे. मधात पाण्याचे प्रमाण सु. १७–१८ टक्के असते. बदामात ते त्याहून कमी. फळे पाकात मुरवल्याने त्यांतील पाणी निघून जाते व उरलेले साखरेशी बांधले जाते, त्यामुळे बुरशी व सूक्ष्मजंतूंना वाढण्यास वाव राहत नाही. याउलट ताज्या फळांचा गर घातलेला जुना मधाचा पाव पुरेसा वाळला नाही तर आंबत असे. ‘फोर्ते’ हे विशेषण त्या आंबूस चवीवरून आले असावे, असेही एक मत आहे. रोमकडे जाणारा ‘व्हीया फ्रांचीजेना’ हा यात्रामार्ग सिएनातून जात असल्याने न नासणाऱ्या, थोडक्यात पोट भरणाऱ्या शिदोरीला या नगरात मागणी असणे स्वाभाविक होते. धर्मयोद्ध्यांनी पानफोर्तेवर निर्वाह केल्याच्या कथा मात्र दंतकथाच समजाव्यात.

मसाल्यांचे खरे कार्य वैद्यकीय होते. गॅलेनप्रणीत वैद्यकानुसार मिरी, लवंग, दालचिनी, जायफळ ही द्रव्ये उष्ण व रुक्ष असून थंड, ओलसर प्रकृतीच्या अन्नाचा दोष ती निवारतात. आपल्याकडे बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात सुंठ व जायफळ घालण्यामागील विचार याहून फार वेगळा नाही. परिणामी पानफोर्तेची निर्मिती भटारखान्याकडे न राहता ‘स्पेत्सियाली’ म्हणजे औषधी व मसाले विकणाऱ्यांच्या हाती गेली. मसाला, साखर व पाकवलेली फळे हे तिन्ही जिन्नस त्यांच्याच दुकानात असत. अरबांनी सिसिलीत ऊस रुजविला होता, आणि महाळुंगाची साल पाकात मुरविण्याची कलाही अरबी पाकशास्त्राशीच निगडित आहे. म्हणजे पानफोर्तेचा जो भाग आज सर्वस्वी इटालियन मानला जातो, तोही समुद्रापलीकडून आलेला आहे.

सिएनाचे श्रीमंत या मसाल्यांवर किती उधळत, याची साक्ष दान्तेने दिली आहे. ⇨दिव्हाइन कॉमेडीच्या ‘नरक’ या भागातील एकोणतिसाव्या सर्गात सिएनाच्या उधळ्या मंडळींची उपरोधाने हजेरी घेताना, लवंगेचा महागडा षौक सुरू करणाऱ्या निक्कोलो नामक गृहस्थाचा तो उल्लेख करतो. लवंग तेव्हा केवळ मोलकाझ बेटांत होत असे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या टोमण्याची धार कळते.

१४९८ मध्ये व्हास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि पुढील दोनतीन शतकांत मसाल्यांच्या व्यापाराचे स्वरूप पालटले. मिरी हळूहळू सामान्यांच्या आवाक्यात आली व त्याबरोबर तिची प्रतिष्ठाही ओसरली. सिएनाचे प्रजासत्ताकही १५५५ मध्ये संपुष्टात आले. मिठाई मात्र टिकली. जुने पानफोर्ते काळे असे : त्यात खरबुजाच्या पाकवलेल्या फोडी, भरपूर मिरी आणि वर मसाल्याच्या भुकटीचा थर. १८७९ मध्ये इटलीची राणी मार्गेरीता सिएनास आली, तेव्हा तिच्यासाठी सौम्य मसाल्याचे, महाळुंगाचे, वरून पांढरी पिठीसाखर भुरभुरलेले पानफोर्ते तयार करण्यात आले. ‘मार्गेरीता’ नावाचा हा प्रकार आज अधिक खपतो. एके काळी राजेरजवाड्यांचा मान मिरीच्या तिखटपणाने राखला जाई. मिरी स्वस्त झाल्यावर तो साखरेच्या शुभ्रतेने राखला गेला. प्रस्तुत लेखकाच्या मते चवीच्या दृष्टीने जुना काळा प्रकारच सरस होय.

घरगुती कृती अवघड नाही. सु. २०० ग्रॅ. भाजलेले सोललेले बदाम, तितकीच पाकवलेली महाळुंग व संत्र्याची साल, १०० ग्रॅ. मैदा आणि दालचिनी, धने, जायफळ, लवंग व मिरी यांची दोन चहाचे चमचे पूड एकत्र करतात. मध व साखर प्रत्येकी १५० ग्रॅ. घेऊन गोळीबंद पाक करतात. चिक्कीचा पाक याहून पुढे, कडक होईपर्यंत नेतात. येथे तसे केल्यास वडी दाताला लागते, आणि कच्चा राहिल्यास ती ढिली पडते. सारे यश या एका पायरीवर अवलंबून आहे. गरम पाक मिश्रणात ओतून, तो आळण्यापूर्वीच ओल्या हाताने थापावा लागतो. तळाशी स्टार्चचा कागदासारखा पातळ पापुद्रा घालतात. १५०° से. तापमानास अर्धा ते पाऊण तास भाजून पूर्ण गार झाल्यावर कापतात. मसाला मुरण्यास दोनतीन दिवस लागतात.

शंभर ग्रॅम बदामांपासून सु. ५८० व तितक्याच मधापासून सु. ३०० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. त्यामुळे पानफोर्तेची लहानशी वडीही चालणाऱ्यास पुरेसा आधार देते. सधन देशांतील खेळाडूंसाठी निघालेल्या ‘एनर्जी बार’ या वड्यांचा उगम मात्र निराळा आहे. ब्रायन मॅक्सवेल या मॅरेथॉन धावपटूने १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात विक्रीस आणलेल्या वडीत सुकामेव्याऐवजी ओटचा कोंडा, दुधातील प्रथिने व फळशर्करा यांवर भर होता. खजूर, बदाम व मसाला एवढ्यांवरच भागविणाऱ्या वड्या अमेरिकन बाजारात एकविसाव्या शतकाच्या आरंभी स्थिरावल्या.

२०१३ मध्ये यूरोपीय संघाने ‘पानफोर्ते दी सिएना’ या नावास भौगोलिक निर्देशाचे संरक्षण दिले. त्यात काळा व पांढरा हे दोन्ही प्रकार अंतर्भूत आहेत.