गोष्टीचे रफूकाम

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आणि प्रथम साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानावर चालली ती हीच, अशी पुष्कळांची श्रद्धा. तसा खात्रीचा पुरावा नाही, असे ते संग्रहालयच सांगते.

या वाघनखांच्या पेटीवर इंग्रजी मजकूर आहे. त्यात खानाला मोगल सेनापती म्हटले आहे. खान तर विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार. ही वस्तू साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला पेशव्याच्या पंतप्रधानाने दिली, असेही त्यात आहे. पेशवा म्हणजेच छत्रपतींचा पंतप्रधान. मग त्याचा आणखी पंतप्रधान कोण? भाविकांजवळ उत्तरे तयार असतात. इंग्रजाला सगळेच मुसलमान मोगल वाटत. पंतप्रधान म्हणजे कारभारी. साताऱ्याच्या राजघराण्यात नंतरही वाघनखे होती असे कोणी म्हटले, तर जोड्या दोन असतील!

ही सवय आपलीच नव्हे. शेरलॉक होम्सच्या पहिल्या कादंबरीत डॉ. वॉटसनच्या खांद्याला गोळी लागलेली, दुसरीत ती पायात. लेखक विसरला असे म्हणणे वाचकांना रुचेना. त्यांनी गोळीचे नाना मार्ग शोधले. १९८६ पासून चाललेल्या 'झेल्डा' या व्हिडिओ गेमच्या कथा एकमेकींशी जुळेनात, तेव्हा चाहत्यांनी वर्षानुवर्षे कालक्रम रचले. २०११ मध्ये कंपनीनेच एका पुस्तकात कालप्रवाहाला तीन फाटे फोडून दाखवले. गोष्टीवर जीव जडला की माणूस ती उसवू देत नाही. सुईदोरा घेऊन बसतो.

हदीसच्या अभ्यासकांनाही हा पेच नवा नाही. दोन रिवायती भिडल्या की ते तत्बीक करून पाहतात, म्हणजे दोहोंचा मेळ घालतात. मेळ बसत नसेल तर तरजीह, म्हणजे अधिक भरवशाच्या रिवायतीला पसंती. मात्र रावी कोण, त्याने कोणाकडून ऐकले, याची झडती चुकत नाही. चाहत्याला मेळ हवा असतो, झडती नको असते.

प्रतापगडाच्या प्रसंगाची झडती घेतली तर काय दिसते? महाराजांच्या हयातीतले मानले जाणारे परमानंदाचे 'शिवभारत' खानावरचा घाव तलवारीचा सांगते. महाराजांच्या मृत्यूनंतर सुमारे पंधरा वर्षांनी लिहिलेली सभासद बखर डाव्या हातात वाघनख आणि उजव्या हातात बिचवा देते. इथे रफूकाम जोरात चालते: कवीला तलवारच शोभते, किंवा आधी नखे आणि मग तलवार.

पण त्याच 'शिवभारता'त महाराजांच्या दहा अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम आहे. खानाच्या फौजेत घोरपडे, पांढरे असे मराठे सरदार आहेत. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर, तो ब्राह्मण. हिंदू विरुद्ध मुसलमान अशी गोष्ट सांगायची ठरवली की ही सगळी माणसे तिच्यात चुकीसारखी खुपतात. त्यांच्यासाठी मात्र कोणी सुई हाती घेत नाही. इथे कात्री चालते. नखांच्या जोड्या दोन करणारी कल्पकता एका सिद्दीला जागा करून देत नाही.

खेळातल्या चुकीवर रफू केले तर कोणाचे बिघडत नाही. इथे बिघडते. सप्टेंबर २००९ मध्ये ऐन गणेशोत्सवात मिरजेत याच प्रसंगाच्या कमानीवरून दंगल उसळली आणि झळ सांगलीपर्यंत पोचली. कमानीवर माणसे दोनच. एक मारणारा, एक मरणारा. ज्यांच्यामुळे तो प्रसंग दोन राजवटींचा होता, दोन धर्मांचा नव्हता, ती बाकीची माणसे चित्राबाहेर होती.

श्रद्धेने गोष्ट सांधणाऱ्यांशी भांडण असण्याचे कारण नाही. महाराजांवरचे प्रेम इथल्या मुसलमानाच्याही वाट्याचे आहे आणि सिद्दी इब्राहिम त्याचा जुना दाखला आहे. मागणे एवढेच की रफू करताना कापडाचा जो तुकडा खाली पडला, तो कोणीतरी उचलून पाहावा. प्रतापगडाच्या पायथ्याशी खानाची कबर आहे, आणि महाराजांच्या दहा रक्षकांची यादी 'शिवभारता'त आहे. दोन्ही एकाच गोष्टीतली आहेत.