सुरतेचा तह आणि फुकटचा प्रोग्रॅम

सुरतेचे नाव निघाले की वाचकांस १६६४ सालची शिवछत्रपतींची स्वारी आठवते. त्याच शहरी एकशे अकरा वर्षांनी झालेल्या एका कराराकडे आम्ही आज लक्ष वेधू इच्छितो.

६ मार्च १७७५ रोजी राघोबादादांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेस तह केला. पेशवाई मिळवून देण्यासाठी इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यावी. दादांनी तिच्या खर्चास दरमहा दीड लाख रुपये द्यावेत, सहा लाखांचे जवाहीर तारण ठेवावे आणि साष्टी व वसई कायमची तोडून द्यावी, अशी त्यातील मुख्य कलमे होती. दादांस कलमे ठाऊक होती. परंतु निकडीपुढे दोन प्रश्न मागे पडले. करार करणाऱ्यास तसा अधिकार आहे काय? १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टाने मुंबई सरकार कलकत्त्याच्या अधीन झाले होते. कलकत्त्याने तह नामंजूर केला व १७७६ साली पुरंदरच्या तहाने तो रद्द ठरला. दुसरा प्रश्न असा, की देऊ केलेली वस्तू देणाऱ्याची आहे काय? साष्टी-वसई ही चिमाजीअप्पांनी १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून जिंकलेली राज्याची मिळकत होती, दादांची खाजगी नव्हे. १७८२ च्या सालबाईच्या तहाने दादांच्या पदरी केवळ नेमणूक पडली. साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

आता देवस्थानांच्या कचेऱ्यांतही संगणक आले आहेत. हिशेबासाठी फुकटचा प्रोग्रॅम घेताना परवाना-करार पुढे येतो आणि न वाचताच ‘मान्य आहे’ हे बटण दाबले जाते. करार केवळ इलेक्ट्रॉनिक रीतीने झाला म्हणून तो अग्राह्य ठरत नाही, असे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम १०-अ सांगते. महाजन-कुळाव्यांची नावे, गोत्रे, पत्ते व देणग्यांच्या रकमा या कारकुनाच्या वा विश्वस्तांच्या मालकीच्या नव्हेत. त्या परक्यास पाहू देण्याची संमती त्यांनी कोणत्या अधिकाराने द्यावी?

फुकट ते सारेच घातक, असे आमचे म्हणणे नाही. १९८९ साली निघालेला ग्नू सार्वजनिक परवाना प्रोग्रॅम वापरण्याचे, तपासण्याचे, बदलण्याचे व इतरांस देण्याचे हक्क देतो. वाचल्यावाचून हा भेद कळत नाही. म्हणून निदान तीन कलमे तरी विश्वस्तांनी एकत्र बसून वाचावीत : कोणती माहिती बाहेर जाते, नुकसानीची जबाबदारी कोणावर, आणि अटी पुढे एकतर्फी बदलता येतात काय. उत्तरे समाधानकारक नसतील, तर जुनी वही अद्याप कपाटात आहेच.