आधी कोणती रेघ? चिनी अक्षरांच्या रेषाक्रमाचा इतिहास

आज आपण एक छोटा वाटणारा प्रश्न घेऊ. चिनी अक्षरातली कोणती रेघ आधी काढायची आणि कोणती नंतर, हे ठरवलं कोणी? शेवटी कागदावर अक्षर तेच दिसणार असेल, तर क्रम चुकल्यानं बिघडतं काय?

आधी नियम सांगून टाकू. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. आडवी आणि उभी रेघ एकमेकींना छेदत असतील तर सहसा आडवी आधी. चौकट असेल तर ती आधी उभी करायची, आतलं भरायचं आणि तळ शेवटी बंद करायचा. चिनी मुलांना हे फार छान सांगतात: आधी माणसं घरात येऊ द्या, मग दार लावा.

हे नियम काही आकाशातून पडलेले नाहीत. कागद येण्याआधी लिहिणं चाले ते बांबूच्या अरुंद पट्ट्यांवर. हातात कुंचला, आणि ओळ वरून खाली. एक रेघ संपते तिथून पुढची जवळ पडावी, हा हाताचा हिशेब. पुढे भरभर लिहिताना कुंचला उचललाच जाईना आणि रेघा एकमेकींत मिसळू लागल्या. इथे क्रमाचं खरं महत्त्व कळतं. धावत्या लिपीतलं अक्षर वाचणारा माणूस आकार पाहत नाही, तर हाताची वाट पाहतो. लिहिणाऱ्यानं वाट बदलली, तर वाचणारा हरवतो.

सुलेखनाच्या परंपरेत वांग शीझी हे मोठं नाव. त्याच्या इ. स. ३५३ मधल्या प्रसिद्ध प्रस्तावनेचं पहिलंच अक्षर ‘योंग’, म्हणजे चिरंतन. रेघा मोजल्या तर पाच, पण कुंचल्याच्या आठ मूलभूत हालचाली या एका अक्षरात आहेत असं परंपरा मानते. म्हणून शतकानुशतकं विद्यार्थी हेच अक्षर गिरवत आले.

कोशाचंही तसंच. १७१६ च्या खांगशी कोशात ४७,०३५ अक्षरं आहेत. ती २१४ मूलघटकांखाली, आणि प्रत्येक घटकात उरलेल्या रेघांच्या संख्येप्रमाणे लावलेली. म्हणजे रेघा मोजता आल्या नाहीत तर शब्द सापडायचा नाही. आणि मोजणं सोपं नाही! ‘तोंड’ या अर्थाचं अक्षर म्हणजे साधा चौकोन. आपण चार बाजू मोजू. चिनी माणूस तीन रेघा मोजतो. वरची बाजू आणि उजवी बाजू कुंचला न उचलता एकाच रेघेत येतात.

विसाव्या शतकात मात्र हाताची सवय शासनाच्या दप्तरात गेली. जपानच्या शिक्षण मंत्रालयानं १९५८ मध्ये ८८१ अक्षरांची मार्गदर्शिका काढली. तैवाननं १९९६ मध्ये आपली पुस्तिका काढली, आणि चीननं १९९७ मध्ये ७,००० अक्षरांचा क्रम ठरवून दिला. गंमत अशी की हे क्रम जुळत नाहीत. ‘राजा’ या अक्षरात तीन आडव्या आणि एक उभी रेघ. चिनी मूल दोन आडव्या काढून मग उभी काढतं. जपानी मूल पहिल्या आडवीनंतर लगेच उभी काढतं. दोघांचं अक्षर सारखंच, तरी एकाच्या वर्गात दुसऱ्याचे गुण जातील.

इथे आपल्याला तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न भेटतो: नियम बरोबर आहे म्हणून तो पाळतात, की पाळतात म्हणून तो बरोबर ठरतो? जपानी मार्गदर्शिकेनंच म्हटलं होतं की इथे न दिलेले क्रम चूक समजू नयेत. पण वर्गात तपासणीला सोयीचा तो एकच क्रम, म्हणून अनेकांच्या मनात ‘एकच बरोबर’ हीच समजूत रुजली.

आपल्याकडे पाहा. बाळबोध लिहिताना आपण अक्षर काढून मग शिरोरेघ देतो. मोडीत मात्र आधी पानभर रेघ ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत. दोन्ही क्रम त्या-त्या लिखाणाच्या गरजेतून आले. एकाला शुद्ध आणि दुसऱ्याला अशुद्ध म्हणण्यात अर्थ नाही.

मग क्रम शिकवूच नये का? जरूर शिकवावा. त्यानं हात सुटतो, अक्षर लक्षात राहतं, दुसऱ्याचं हस्ताक्षर वाचता येतं. पण नियमाबरोबर त्याचं कारणही द्यावं. कारण हरवलं की नियमाचा नुसता धाक उरतो, आणि धाकानं गिरवलेलं अक्षर मुलाला आपलं वाटत नाही.

पुढच्या व्याख्यानात आपण छपाईकडे वळू. तिथे अक्षर हाताशिवाय उमटतं, आणि क्रमाचा प्रश्न नव्यानं उभा राहतो.