नार्सारसुआक विमानतळ : हवामान व उड्डाण

दक्षिण ग्रीनलंडमधील एक लहान विमानतळ. सुमारे ६१° उ. अक्षांशावर, तुनुलियार्फिक फियोर्डच्या वरच्या टोकाशी. उंची समुद्रसपाटीपासून अवघी ३४ मी. एकच धावपट्टी, लांबी सुमारे १,८३० मी. ती फियोर्डच्या काठापासून ईशान्येस हिमनदीच्या दिशेने चढत जाते. म्हणून विमाने शक्यतो पाण्याकडून येऊन चढावर उतरतात आणि उड्डाण उलट दिशेने, उतारावरून पाण्याकडे करतात. वारा फार उलटा नसेल तरच ही सोय मिळते.

अमेरिकेने १९४१ मध्ये ‘ब्लूई वेस्ट वन’ या नावाने हा तळ बांधायला घेतला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनकडे जाणारी विमाने येथे इंधन घेत. अमेरिकन हवाई दल १९५८ मध्ये निघून गेले. पुढच्याच जानेवारीत ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाच्या फेअरवेल भूशिराजवळ ‘हान्स हेटॉफ्ट’ हे डॅनिश जहाज हिमनगावर आदळून ९५ जणांसह बुडाले. त्यानंतर समुद्रातील बर्फाची हवाई टेहळणी येथून सुरू झाली आणि तळ नागरी विमानतळ म्हणून पुन्हा उघडला.

जानेवारीचे सरासरी तापमान उणे ७° से.च्या आसपास आणि जुलैचे १०–११° से. असते. उपध्रुवीय प्रदेशाच्या मानाने हे सौम्यच. थंडीपेक्षा येथे धास्ती असते ती उबदार वाऱ्याची. दक्षिणेकडे कमी दाबाचे क्षेत्र आले की हवा हिमस्तराच्या पठारावरून दऱ्यांत कोसळते. उतरताना दाब वाढत गेल्याने, सायकलच्या पंपातील हवेसारखी ती तापते. दर १०० मी. उतरणीला सुमारे १° से. अशा या कोरड्या फॉन वाऱ्याने ऐन हिवाळ्यात काही तासांत बर्फ वितळू लागतो. झोत कधी ताशी १०० किमी.च्या पुढे जातात. आकाश मात्र बहुधा स्वच्छ असते, आणि नवख्या वैमानिकाची फसगत होते ती इथेच. दृश्यता उत्तम, पण डोंगरांच्या आडोशाला हवेचे आडवे भोवरे फिरत असतात आणि उतरणीच्या शेवटच्या टप्प्यात विमान अक्षरशः आपटले जाते. शिखरांवर स्थिर दिसणारे भिंगाकार ढग ही त्याची आगाऊ खूण.

उन्हाळ्यातील अडचण वेगळी आहे. पूर्व ग्रीनलंडच्या प्रवाहाबरोबर वाहत आलेला सागरी बर्फ फेअरवेल भूशिराला वळसा घालून पश्चिम किनाऱ्याला लागतो. त्या थंड पाण्यावर दमट हवा आली की दाट धुके धरते. फियोर्डच्या तोंडाशी सिमिउताक बेटावर काही दिसत नसताना, सत्तर-ऐंशी किमी. आत धावपट्टीवर ऊन पडलेले असू शकते.

युद्धकाळात ढग खाली असले की वैमानिक समुद्रावरून फियोर्डात शिरत आणि पाण्यालगत उडत वर येत. फियोर्डला फाटे आहेत. चुकीचा फाटा धरला तर पुढे कडा, आणि वळायला जागा नाही. अर्नेस्ट गॅन या वैमानिक-लेखकाच्या ‘फेट इज द हंटर’ (१९६१) या आत्मकथनात या मार्गाचे वर्णन आहे. पुढे रेडिओ दिशादर्शकांच्या साहाय्याने वरून उतरण्याची पद्धत आली. तरी चहूकडच्या डोंगरांमुळे ढगांतून फार खाली येता येत नाही. धावपट्टी दिसेना, तर परत वर चढावे लागते.

चढून जायचे कुठे, हा खरा प्रश्न. कॅनडातील गूज बे आणि आइसलँडची राजधानी रेक्याविक, दोन्ही सुमारे १,२५० किमी. दूर आहेत, वायव्येला ग्रीनलंडची राजधानी नूक सुमारे ४६० किमी.वर. एका इंजिनाचे छोटे विमान अटलांटिकपार पोहोचवणाऱ्या वैमानिकाला म्हणून हवामानाचा अंदाज इंधनाच्या हिशेबासकट वाचावा लागतो. परतीपुरते इंधन असेपर्यंतच निर्णय त्याच्या हातात असतो. डिसेंबरात दिवस जेमतेम साडेपाच-सहा तासांचा असल्याने निर्णयाची ही सवलत आणखी आखडते. येथे पूर्ण नियंत्रण मनोरा नव्हे, माहिती देणारी सेवा होती. उतरायचे की नाही, हे वैमानिकानेच ठरवायचे.

लष्करी गरजेतून निवडलेल्या या जागेजवळ मोठे गाव नाही. त्यामुळे दक्षिण ग्रीनलंडची मुख्य हवाई वाहतूक काकोर्तोक शहराजवळच्या १,५०० मी. लांबीच्या नव्या धावपट्टीकडे नेण्याचे ठरले. ते शहर मोकळ्या समुद्राला अधिक जवळ असल्याने तेथे धुक्याचा प्रश्न अधिक आहे.